वठलेला आंबा, मोटेचा नाडा आणि क्रेन



घरामागचा वठलेला आंबा आम्ही यंदा चैत्रात उतरवला. त्यासाठी एक हायड्रा क्रेन आणि माणसाला वर नेणारी बूम लिफ्ट, अशी दोन यंत्रं आणली. गावात थोडी चेष्टा झाली. पारावर एक जण म्हणाला, "अण्णा, एका झाडाला एवढा फौजफाटा? तीन हजारात माणूस चढला असता की."

बरोबर आहे त्याचं. चढणारा माणूस तयारही होता. तरी क्रेन का आणली हे सांगायचं तर मागं जावं लागेल. आधी आमच्या विहिरीवर, मग बरंच लांब. जरा वेळ काढून वाचा.

साल १९८७. मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसलो होतो. आमच्या विहिरीशेजारी चिंचेचं मोठं झाड होतं. त्यावर वीज पडली आणि ते जागेवर वठलं. दोन वर्षं तसंच उभं होतं. एखादी फांदी विहिरीत पडली तर मोटर जाईल, म्हणून वडिलांनी ते पाडायचं ठरवलं.

पलीकडच्या वस्तीवर एक मामा होते. नात्यानं कोणी नव्हेत, पण आम्ही सगळी पोरं त्यांना मामाच म्हणायचो. झाडावर चढण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कमरेला कुऱ्हाड खोचली, खांद्यावर नाडा टाकला आणि चढले. तो नाडा आमच्या मोटेचा. मोट बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. इंजिन आलं, मग मोटर आली, पण नाडा माळ्यावर जपून ठेवलेला.

मामांनी नाडा वरच्या फांदीवर टाकला, खालच्या फांदीवर पाय दिला आणि ती फांदी मोडली. मला आजही आठवतं ते एवढंच, की आधी आवाज आलाच नाही. ओली फांदी मोडताना वाकते, करकरते, माणसाला सावध करते. ही फांदी खडूसारखी तुटली. मामा वीसेक फुटांवरून विहिरीच्या कठड्यावर पडले. कमरेखालचं अंग गेलं. पुढं अकरा वर्षं खाटेवर होते.

वडिलांनी दवाखान्याचा सुरुवातीचा खर्च दिला. दोन पोती ज्वारी दिली. पुढच्या वर्षी एक पोतं दिलं. मग देणं थांबलं. त्यांच्याकडून कुणी मागायला आलं नाही आणि आमच्याकडून कुणी विचारायला गेलं नाही. 'त्या काळी असंच चालायचं' असं म्हणून मीही ही गोष्ट बरीच वर्षं झाकून ठेवली. मामांचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. यंदा तीन हजारात चढायला तयार असलेला माणूस म्हणजे तोच.

आंबा वठला तो भिरुडानं. खोडाला भोकं, खाली भुसा, एका बाजूची पानं पिवळी. आम्ही तार घालून अळ्या काढल्या, औषध सोडलं, पण उशीर झाला होता. दोन हंगामांत झाड खराटा झालं. उंची चाळीस-बेचाळीस फूट. एका बाजूला घराचं पत्र्याचं छत, दुसऱ्या बाजूला लाईटची तार. मामांचा मुलगा येऊन झाडाभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "अण्णा, मी चढतो. तीन हजार द्या, लाकूड तुमचं." मी हो म्हणालो नाही. म्हटलं, आठ दिवस थांब. त्या आठ दिवसांत मी मोबाईलवर आणि तालुक्याच्या वाचनालयात जे मिळेल ते वाचलं. झाड पाडण्याबद्दल माणसानं आजवर काय काय लिहून ठेवलंय, कशाकशाचा विचार केलाय, ते मला बघायचं होतं.

सुरुवात आपल्याच मातीतून. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात आरमाराच्या प्रकरणात झाडांविषयी लिहिलंय. जहाजांना लाकूड लागतं, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये असं सांगितलंय. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोरासारखी वाढवलेली असतात. आणि एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या खुशीनं तोडावं. तीनशे वर्षांपूर्वीचा हा विचार वाचून छाती भरून येते. झाडाची काळजी आहे, मालकाची आहे. पण त्या जीर्ण झाडावर कुऱ्हाड घेऊन जो चढणार, त्याचा उल्लेख त्यात नाही.

नंतर आला इंग्रजांचा हिशोब. वखारवाला झाड मोजायला येतो तेव्हा काय करतो, हे तुम्ही पाहिलं असेल. सुतळीनं घेर घेतो, सुतळीची चार पदरी घडी करतो, त्या चौथ्या हिश्शाला त्यानंच गुणतो आणि मग लांबीनं गुणतो. आले घनफूट. ही पद्धत एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाच्या कोष्टकांमुळं रूढ झाली. त्याचं पुस्तक १७३६ सालचं. गोल ओंडका चौकोनी करताना काही लाकूड वाया जातं, म्हणून हे माप मुद्दाम कमी धरतं. किती कमी? खऱ्या गोल मापाच्या शंभर घनफुटांना साधारण साडेअठ्ठ्याहत्तर. शेतकऱ्याला यात थोडा तोटा होतो, ते आपण जन्मभर सोसतोच. पण हा आकडा क्रेनच्या कामात आला तर जीव जातो. ते पुढं सांगतो, तोवर ध्यानात ठेवा.

म्हणजे झाडाचा विचार झाला, मालकाचा झाला, लाकडाचा झाला.

आता क्रेन. मराठीत तिला यारी असाही शब्द आहे. ग्रीक लोक साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी देवळांचे दगड यारीनं उचलत होते. रोमन काळातल्या व्हिट्रुव्हियस नावाच्या बांधकाम जाणकारानं इसवी सनाच्या आधीच्या शतकात आपल्या ग्रंथात यारीची रचना लिहून ठेवली. खांब, दोर आणि चाकं, म्हणजे कप्प्या. पोलंडमधल्या ग्दान्स्क बंदरावर १४४४ साली बांधून झालेली एक प्रचंड लाकडी यारी आहे. तिच्या पोटात माणूस मावेल एवढी मोठी चाकं होती, त्यात माणसं चालायची आणि वजन वर जायचं. महायुद्धात ती उद्ध्वस्त झाली, नंतर पुन्हा उभारली.

हे वाचताना मला आपली मोटच दिसत होती. वर चाक, त्यावरून नाडा, खाली पाण्यानं भरलेली मोट आणि धावेवरून उताराला जाणारे बैल. बैल खाली गेले की मोट वर येते. यारी दुसरं काय करते? फरक एवढाच, की आपण तिच्यानं पाणी वर काढलं आणि त्यांनी दगड.

बैलाची नि माणसाची ताकद सोडून पाण्याच्या दाबावर क्रेन चालवली ती विल्यम आर्मस्ट्राँगनं, १८४६ च्या सुमाराला, इंग्लंडच्या न्यूकॅसल बंदरावर. हा माणूस पेशानं वकील होता. गावच्या नळातल्या पाण्याच्या दाबानं माल उचलता येतो हे त्यानं दाखवलं, वकिली सोडली आणि कारखाना काढला. पुढं पाण्याच्या जागी तेल आलं. आपल्या ट्रॅक्टरची मागची लिफ्ट त्याच तत्त्वावर उठते. तीन सांध्यांवर अवजार धरणारी ती हायड्रॉलिक लिफ्ट हॅरी फर्ग्युसननं १९३० च्या दशकात बाजारात आणली. म्हणजे नांगर उचलायला खटका ओढतो तेव्हा आपल्या हातात क्रेनच्या घरातलीच एक वस्तू असते.

लाकडाशी क्रेनची पक्की गाठ पडली स्वीडनमध्ये. तिथल्या हुडिक्सवाल गावात एरिक सुंडिन नावाचा बर्फावरून घसरायच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की बनवणारा कारखानदार होता. ट्रकच्याच इंजिनावर चालणारी हायड्रॉलिक क्रेन ट्रकवर बसवायची, ही त्याची कल्पना. १९४४ साली त्यानं कंपनी काढली, तिचं नाव हियाब. जंगलात ओंडके भरायला ही क्रेन फार उपयोगी पडली. करवतीतही बदल होत होता. जर्मनीत आंद्रेआस श्टील यानं १९२६ साली विजेवर चालणारी साखळीची करवत केली. ती जड होती, दोन माणसांनी धरावी लागायची. १९५० साली त्याच कंपनीची एका माणसानं चालवायची पेट्रोल करवत आली. तीच चेनसॉ, आमच्याकडं तिला नुसतं कटर म्हणतात.

म्हणजे १९५० नंतर सगळं हाताशी होतं. क्रेन होती, कटर होतं. तरी माणूस झाडावर चढतच होता, आता फक्त कुऱ्हाडीच्या जागी हातात चालू मशीन.

मग कोण थांबलं आणि कोण बोललं? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ईस्ट रोचेस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या एका आईचा मुलगा झाडाच्या फांद्या छाटण्याच्या कामात मेला. १९६८ साली त्या बाईनं पत्रं लिहायला घेतली. वर्तमानपत्रांना, अधिकाऱ्यांना. तिचं मागणं एकच, या कामाला सुरक्षेचे नियम करा. त्यातून एक समिती उभी राहिली आणि १९७२ साली झाडकामाच्या सुरक्षेचं अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय मानक मंजूर झालं. झेड १३३ असं त्याचं नाव. आजही ते वेळोवेळी सुधारून निघतं आणि त्यात क्रेनचा भागही आहे. क्रेनला माणूस लावलेला असेल तर ऑपरेटरनं आपली जागा सोडायची नाही. ओंडक्याचं वजन जाणत्या माणसानं आधी काढायचं. वरचा आणि खालचा माणूस यांच्यात खुणा आधी ठरलेल्या पाहिजेत. वाचायला साध्या गोष्टी आहेत.

मला ते वाचताना मामांची आई आठवली. म्हातारी होती, पोरगा पडला तेव्हा जिवंत होती. तिला लिहायला येत नव्हतं. आमच्या दारात येऊन ती काहीच बोलली नव्हती, नुसती बसून गेली होती.

आता वठलेल्या झाडाला क्रेनच का, याचं सर्वांत मोठं उदाहरण सांगतो. तेही अमेरिकेतलंच आहे, पण आपल्या भिरुडाशी त्याचं नातं आहे. आधी एल्म नावाच्या झाडाचं बघा. एका बुरशीचा रोग, सालीत राहणारे भुंगे तो पसरवतात. १९६० च्या दशकाच्या शेवटी बाहेरून आलेल्या लाकडासोबत त्याचा कडक वाण ब्रिटनमध्ये शिरला आणि अडीच कोटींच्या वर एल्म मेले. रस्त्याकडेची, बांधावरची, गावातली झाडं उभ्या उभ्या वठली. आणि २००२ साली अमेरिकेत डेट्रॉईट शहराच्या परिसरात हिरव्या चकाकत्या रंगाचा एक भुंगा सापडला. मूळचा पूर्व आशियातला, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. त्याची अळी ॲश झाडाच्या सालीखाली नागमोडी पोखरत जाते आणि रस वर चढायचा थांबतो. आपलं भिरूड लांब मिशांचं आणि अंगानं बरंच मोठं, जात वेगळी, पण झाड उभं मारायची रीत तशीच. त्या एका भुंग्यानं कोट्यवधी ॲश मारले.

तिथल्या झाडवाल्यांनी मग एक गोष्ट अनुभवली. मेलेलं ॲश फार लवकर ठिसूळ होतं. वरून धड दिसणारी फांदी भार पडताच तुटते, आणि कुठं तुटेल याचा अंदाज लागत नाही. दोराला झोके घेत आयुष्य काढलेली पट्टीची माणसं म्हणू लागली, की या झाडावर चढायचं नाही आणि याच्या फांदीला दोरही बांधायचा नाही. कारण दोरानं ओंडका खाली सोडायचा म्हटलं तर त्याचा सगळा झटका त्याच मेलेल्या झाडावर बसतो. म्हणून माणूस लिफ्टच्या पिंजऱ्यात उभा राहून कापू लागला आणि तुकडा क्रेन धरू लागली. झाडावर ना माणसाचा भार, ना ओंडक्याचा. काही क्रेनला तर टोकालाच चिमटा आणि करवत असते, माणूस वर जातच नाही.

इथं मला १९८७ चं उत्तर मिळालं. मामांची चूक नव्हती. त्यांनी तेच केलं जे ओल्या झाडावर शंभर वेळा केलं होतं. पाय फांदीवर, नाडा फांदीवर. पण वठलेलं झाड भार घ्यायच्या लायकीचं राहिलेलं नसतं, आणि ते आधी सांगतही नाही.

आता आमच्या आंब्याचं सांगतो.

पहिलं काम परवानगी. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग ही झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगी लागते. झाड वठलेलं असलं तरी कागद करा, फोटो काढून ठेवा. दुसरं काम लाईट. वायरमनला आधी सांगून त्या दिवशी लाईन बंद करून घेतली. लाईन बंद आहे असं नुसतं फोनवर ऐकून काम सुरू केलं नाही, तो स्वतः खांबाजवळ उभा राहिला तेव्हाच सुरू केलं.

तिसरं, जागा. हायड्रा हे खरं तर एका कंपनीच्या क्रेनचं नाव, पण आता उचलून घेऊन चालणाऱ्या सगळ्याच क्रेनला आपण हायड्रा म्हणतो, जसं सगळ्या खोदणाऱ्या मशीनला जेसीबी. तिला बाजूला टेकवायचे पाय नसतात, सगळा भार टायरवर. उतारावर किंवा भुसभुशीत जागेवर ती कलंडते. म्हणून काम चैत्रात, जमीन कडक असताना. ऑपरेटर गाडी घराच्या मागच्या कोपऱ्यात लावत होता, तेवढ्यात घरातून आमच्या सौ. ओरडत बाहेर आल्या, "अहो, तिथं गोबरगॅसची टाकी हाय!" खरंच होतं. १९८४ सालची टाकी, वर माती ओढून बुजवल्यासारखी केलेली, आत पोकळ. मी साफ विसरलो होतो. गाडी दहा फूट अलीकडं घेतली. क्रेन आणण्याआधी घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना विचारा, जमिनीखाली काय काय आहे.

चौथं, वजन. लाकूड घेणारा व्यापारी तिथंच होता. खोडाचा घेर आठ फूट. तो म्हणाला, "दहा फुटाचा एक पीस काढा. सुतळीनं चाळीस घनफूट, वाळलेलं लाकूड, सातशे किलोच्या आसपास." ऑपरेटरनं केबिनमधला तक्ता बघितला. क्रेनवर चौदा टन लिहिलेलं होतं, पण ते बूम आखूड आणि वजन जवळ असताना. आमच्या झाडापर्यंत बूम काढल्यावर तो म्हणाला, एक टनाच्या वर नको. सातशे किलो म्हणजे बसतंय की, असं सगळ्यांना वाटलं.

मी हॉपसची गोष्ट वाचली नसती तर मलाही तेच वाटलं असतं. आठ फूट घेराचा ओंडका गोल मापानं दहा फुटाला एक्कावन्न घनफूट भरतो, चाळीस नाही. आणि वठलेलं झाड आतून किती ओलं आहे हे बाहेरून कळत नाही. बुंध्यात पाणी धरलेलं असतं. म्हणून सुरक्षेसाठी लाकूड पाण्याइतकं जड धरायचं, घनफुटाला अठ्ठावीस किलो. एक्कावन्न गुणिले अठ्ठावीस म्हणजे चौदाशे अठ्ठावीस किलो. व्यापाऱ्याच्या आकड्याच्या दुप्पट आणि ऑपरेटरच्या मर्यादेच्या बाहेर. पोरीच्या वहीवर गणित मांडून ऑपरेटरला दाखवलं. तो म्हणाला, "काका, पाच-पाच फुटाचे करू." तसंच केलं. बुंध्याचा पहिला तुकडा ट्रॉलीतून वजनकाट्यावर नेला तेव्हा सहाशे वीस किलो भरला, तोही पाच फुटाचाच. दहा फुटाचा एकत्र काढला असता तर बाराशे चाळीस झाला असता.

पाचवं, पट्टा. वठलेल्या झाडाची साल सैल झालेली असते. सालीवर पट्टा आवळला तर साल निसटते आणि पट्ट्यासकट ओंडका घसरतो. म्हणून पट्टा बसायच्या जागेची साल आधी सोलून काढली. पट्टा ओंडक्याच्या मध्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे कापल्यावर तो उलटा फिरत नाही. क्रेननं दोर ताणायचा तो ओंडक्याच्या वजनाइतकाच. कमी ताणला तर तुकडा कटरवर बसतो आणि मग झटक्यानं सुटतो. जास्त ताणला तर कापताक्षणी वर उसळतो, पिंजऱ्यातल्या माणसाच्या अंगावर येऊ शकतो. आणि बूमच्या खाली, ओंडक्याच्या फिरायच्या घेऱ्यात कुणी उभं राहायचं नाही. बघ्यांना मी दोरी बांधून लांब ठेवलं. चेष्टा करणारेही त्यात होते.

एक गोष्ट ठासून सांगतो. पैसे वाचवायला हायड्राच्या हूकला पाळणा बांधून त्यात माणूस वर पाठवतात, तसं करू नका. हायड्रा ओझं उचलायला आहे. माणसाला वर न्यायला वेगळं यंत्र असतं, ते आणा.

लिफ्टच्या पिंजऱ्यात कोण होतं? मामांचा मुलगा. कमरेला आणि खांद्याला पट्टा, पिंजऱ्याला अडकवलेला, डोक्याला हेल्मेट. झाड कापण्यात त्याच्यासारखा जाणता आमच्या भागात दुसरा नाही, मग काम दुसऱ्याला का देऊ? सुरुवातीला तो नाराज होता. म्हणाला, "अण्णा, एवढा खर्च करताय, माझ्यावर भरवसा नाही का?" मी म्हटलं, "तुझ्यावर आहे. झाडावर नाही."

वरच्या बारीक फांद्या त्यानं पिंजऱ्यातून हातभर तुकडे करून मोकळ्या बाजूला टाकल्या. जाड फांद्या आणि खोड क्रेननं. दुपारी एका जाड फांदीला पट्टा लावून त्यानं कटर टेकवलं, आणि अर्धीसुद्धा कापली नव्हती तोच ती तुटली. परत तसंच. आवाज आधी आला नाही. फांदी पट्ट्यावर लोंबकळत राहिली, थोडी हलली, थांबली. तोही पिंजऱ्यात थांबला. कटर बंद केलं. बराच वेळ खाली बघत होता. मग ऑपरेटरला खूण केली आणि फांदी खाली घेतली.

हिशोब सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. हायड्रा सहा तास, नऊ हजार. लिफ्ट एक दिवस, येणं-जाणं धरून अकरा हजार. मजुरी वेगळी. लाकडाचे चौदा हजार आले. मजुरी सोडून सहा हजार खिशातून गेले. मामांच्या मुलाला मी त्यानं मागितलेले तीन हजार दिले. आणखी काही दिलं, ते त्याच्या आणि माझ्यातलं आहे. जुनं देणं त्यानं फिटत नाही, हे मला कळतं.

संध्याकाळी ओंडक्यांवर बसून चहा घेताना तो म्हणाला, "आमच्या बाला त्या वक्ताला असलं कायतरी मिळायला पायजे हुतं." मी काही बोललो नाही. १९८७ साली आमच्या तालुक्यात अशी यंत्रं नव्हती असं मी स्वतःला सांगत आलोय. पण झाड तसंच सोडून देता आलं असतं. विहिरीवर फळ्या टाकून मोटर झाकता आली असती. थांबायला पैसे लागत नव्हते.

तुमच्याकडं वठलेलं झाड असेल आणि क्रेनला पैसे नसतील, तर त्याच्या खाली जनावर बांधू नका, पोरांना जाऊ देऊ नका, आणि मोकळी जागा असेल तर लांबून दोर लावून बुडातून पाडा. पाडता येत नसेल तर दोन पैसे जमेपर्यंत थांबा. दोन-तीन शेजाऱ्यांची झाडं एकाच दिवशी घेतली तर यंत्रांचं भाडं वाटून जातं. पण त्यावर कुणाला चढवू नका. तो कितीही तयार असला तरी.

मोटेचा नाडा अजून आमच्या माळ्यावर आहे. मामांच्या मुलाला दाखवला. त्यानं हातात घेऊन बघितला आणि परत जागेवर ठेवला.

पाऊस जवळ आलाय. वादळाच्या आधी घराभोवतीची झाडं एकदा नजरेखालून घाला. काळजी घ्या. राम राम.